अक्षरांचे आकडे आणि कामगारांची नावे



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. ठेच लागली, म्हणून दगड कळला, एवढाच अधिकार.

1997 साली आम्ही वर्गणी काढून एक जुना संगणक घेतला आणि सभासदांची नोंदवही त्यावर मराठीत चढवली. पुढे कारखाना बंद पडला, ग्रॅच्युइटीचे दावे लागले. ती नोंदवही नव्या संगणकावर उघडली, तर मराठी अक्षर औषधालाही नाही! नुसती रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा. एक जुने सभासद शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, आमची तीस वर्षांची नोकरी ती हीच का?"

घडले होते ते असे. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हा माणसांनी केलेला करार. अमेरिकेत 1963 साली ठरलेल्या 'आस्की' करारात जागा 128. त्यांत मराठीला थारा नव्हता. मग फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती काढली. रोमन अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या सोयीने. एकाच्या फॉन्टातले लिखाण दुसऱ्याच्या फॉन्टात वाचता येईना. मानक नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोचे 'इस्की' 1991 चे, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवरून घेतलेली. पण आपले कुलूप आपल्यापाशी ठेवण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो, असे आमचे मत आहे. शेर-मापट्यांचा घोळ मिटवायला 1956 साली कायदा करावा लागला. अक्षरांचे मापही तसेच सर्वांचे असायला हवे होते.

एका सभासदाच्या मुलाने जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणारा कन्व्हर्टर आणला. आम्हांला वाटले, या आकड्याच्या जागी तो आकडा घातला की झाले. तसे नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठेवतात, कागदावर दिसते तशी. युनिकोडात ती अक्षरानंतर, आपण उच्चारतो तशी. 'स्थिती'तली पहिली वेलांटी अर्धा स आणि थ या दोघांना ओलांडून मागे न्यावी लागते. रफाराचे उलट. 'धर्म'मधला रफार जुन्या फाईलीत म नंतर, तर युनिकोडात र म च्या आधी. म्हणजे हे खिळे सोडून पुन्हा जुळवण्याचेच काम; छापखान्यातल्या माणसाला ते चटकन कळेल.

नोंदवही क्षणात मराठी झाली. आम्ही पेढे वाटले, आणि तेच घाईचे झाले.

महिन्याभराने बोऱ्हाडे नावाच्या सभासदाचा अर्ज परत आला. शेरा होता, 'नाव आढळत नाही.' आमच्या यादीत बोऱ्हाडे, कचेरीच्या यादीत बोऱ्हाडे. कागद शेजारी ठेवले तर काना-मात्रेचा फरक नाही! दोन दिवस आम्ही कारकुनाशी भांडलो. तो बिचारा खरेच सांगत होता. मराठीतला हा आडवा र युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो: एक, खाली टिंब असलेला र घेऊन, दुसरा, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्याला एक, यंत्राला दोन. आमच्या कन्व्हर्टरने दुसरा धरला होता, कचेरीने पहिला. वऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे, सगळे त्याच फेऱ्यात.

मग जुन्या पावतीपुस्तकांवरून एकाने नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, असे तीन रात्री बसलो. आडव्या र ची नावे वेगळी काढून सारी एका प्रकारात आणली. त्या वाचनात दोन नावे कन्व्हर्टरने साफ बिघडवलेली सापडली. त्यांचा अर्ज अजून गेलाही नव्हता. बोऱ्हाड्यांचे पैसे दिवाळीनंतर मिळाले. दिवाळीच्या आधी मिळाले असते, तर मुलीच्या फीसाठी त्यांना कर्ज काढावे लागले नसते.

ती 1997 ची फाईल आम्ही पुसलेली नाही. फॉन्टचे नाव एका चिठ्ठीवर लिहून, फॉन्टसकट, पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. आपल्यापैकी कोणाच्या संस्थेत अशा फाईली पडून असतील, तर व्याख्यानानंतर आम्ही दाराशी थांबतो. तो मुलगाही आला आहे.