सीडीवरील न दिसणारी पाने



वाळवी आणि ओल यांच्याशी झुंज देणे, एवढाच आता ग्रंथजतनाचा अर्थ राहिलेला नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस अनेक संस्थांनी आपली ग्रंथसूची आणि दुर्मिळ अंकांची छायाचित्रे सीडीवर उतरवून ठेवली. त्याच सीडी आज लिनक्स प्रणालीवर उघडल्या, की कधी कधी केवळ शेवटचा भाग दिसतो आणि ‘सीडी खराब झाली’ असा निवाडा देऊन ती टाकून दिली जाते. हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो.

लिहिण्याजोगी सीडी एकाच बैठकीत भरावी लागत नसे. अशा प्रत्येक बैठकीस ‘सेशन’ म्हणतात आणि एका सेशनमध्ये एक वा अनेक ट्रॅक असतात. सीडी ‘माउंट’ करताना, म्हणजे प्रणालीशी जोडताना, लिनक्स आपण होऊन शेवटच्या सेशनची अनुक्रमणिका वाचते. तिच्यात जुन्या फायलींच्या नोंदी घेतल्या नसतील, तर त्या फायली दिसत नाहीत. नवे दाखल रजिस्टर सुरू करताना जुन्या नोंदी उतरवल्या नाहीत, म्हणून कपाटातील पुस्तके नाहीशी होत नाहीत. तसेच हे आहे.

उपाय सोपा आहे. प्रथम ‘वोडिम’सारख्या साधनाने ट्रॅकांची यादी आणि प्रत्येकाचा आरंभीचा सेक्टर पाहावा. मग माउंटच्या आज्ञेत ‘सेशन’ हा पर्याय देऊन हव्या त्या डेटा-ट्रॅकचा क्रमांक लिहावा. नाव सेशनचे असले, तरी प्रणाली तो क्रमांक ट्रॅकांच्या यादीतच शोधते. तो ट्रॅक ध्वनीचा निघाला, तर त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. आयएसओ ९६६० या मानकानुसार सेक्टर २०४८ बाइटांचा असतो आणि ओळखीची नोंद आरंभापासून १६ सेक्टर पुढे असते. फायलींचे पत्ते मात्र संपूर्ण सीडीच्या आरंभापासून मोजलेले असावे लागतात. कोणी दुसरा ट्रॅक स्वतंत्र सीडीसारखा तयार करून नुसताच मागे जोडला असेल, तर त्यातील पत्ते चुकतात आणि वाचन भलत्याच जागी जाते. अशा वेळी ‘डीडी’ या आज्ञेने तेवढाच ट्रॅक हार्ड डिस्कवर उतरवून ती प्रत ‘लूप’ पद्धतीने माउंट करावी. याउलट रीतसर लिहिलेले पुढचे सेशन असे एकटे काढले, तर तेच निरुपयोगी ठरते. ते मूळ सीडीवरूनच वाचावे.

‘डीमेसेज’च्या नोंदींत वाचनदोष वारंवार आढळले, तर मात्र सीडीच्या थराची झीज, ओरखडे किंवा वाचनयंत्रातील दोष यांची शंका घ्यावी. ती सीडी दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी आणि जे वाचले जाईल त्याची प्रत तत्काळ करून घ्यावी.

यादीत नाव नाही म्हणून ग्रंथ रद्दीत घालणारा ग्रंथपाल कोणास रुचणार नाही. सीडीलाही तोच न्याय लावावा. आणि कोणत्या ट्रॅकमध्ये काय आहे, याची कागदी चिठ्ठी तिच्या वेष्टनात अवश्य ठेवावी.