लुई द्युमाँ कसे वाचायचे?



एम.ए.ला जातीचा विषय निघाला की 'होमो हायरार्किकस' समोर येतं. घरातले पहिलेच पदवीधर असलेले आपण एवढा जाड ग्रंथ पाहून दबतो. म्हणून आज त्याचे लेखक लुई द्युमाँ यांच्याविषयी बोलते.

द्युमाँ यांचा जन्म १९११चा. मार्सेल मॉस यांचे ते विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना ते संस्कृत शिकले. पुढे तमिळनाडूत पिरमलै कळ्ळर समाजात राहून त्यांनी क्षेत्रकार्य केलं आणि त्यावरचा ग्रंथ १९५७ साली आला. 'होमो हायरार्किकस' १९६६चं. १९९८ साली ते वारले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कुठलीही जात एकटी समजत नाही, ती इतर जातींच्या संबंधातच समजते. हे आपल्या कामाचं आहे. पण हे संबंध शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेवर उभे आहेत, दर्जा सत्तेहून वेगळा आहे आणि राजाही ब्राह्मणाच्या खालीच, असं ते मांडतात. मग जमीन, मजुरी, मारहाण हे सगळं दुय्यम ठरतं.

जेराल्ड बेरेमन यांनी यावर कडाडून टीका केली. जोन मेंचर यांनी १९७४ साली तमिळनाडूतल्याच अभ्यासावरून दाखवलं, की तळातून पाहिलं तर जात ही आधी शोषणाची व्यवस्था दिसते. खुद्द कळ्ळरांना ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणलं होतं. दर्जा फक्त धर्मग्रंथ ठरवत नाहीत, पोलीस ठाण्याचं हजेरीपुस्तकही ठरवतं.

आणि बाबासाहेब? १९१६ साली, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांतून ही बंदी कशी टिकवली गेली, तेही उलगडलं. 'होमो हायरार्किकस'च्या पन्नास वर्षं आधी! तरी मी शिकले तेव्हा द्युमाँ 'सिद्धांता'त होते आणि बाबासाहेब 'चळवळी'त. ही वाटणीसुद्धा एक उतरंडच आहे.

द्युमाँ टाळू नका. मुलाखतीत, सेमिनारमध्ये त्यांच्यावर प्रश्न येणारच. त्यांचा युक्तिवाद आधी नीट मांडा, मग विचारा: हे चित्र कुणाच्या जागेवरून काढलंय? यात शेतमजूर बाई कुठे आहे? आणि उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात १९१६चा निबंध लिहा, सिद्धांत म्हणून.