गर्भवती वगळून



 या अधिवेशनाच्या अध्यक्षाने मेंदूच्या आणि मनाच्या विकारांवरील संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. पक्षाघात, स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया यांवर कालपासून उत्तम निबंध वाचले गेले. त्यांत मी भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते औषधचाचणीच्या प्रोटोकॉलमधल्या एका ओळीबद्दल. ‘गर्भवती व स्तनदा माता वगळण्यात येतील.’ वर्षानुवर्षं ही ओळ वाचतो आहे आणि दर वेळी संताप येतो.

गरोदरपणी घेतल्याने बाळांना व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा धसका खरा होता. १९७७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. १९९३ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली, पण गर्भवती बाहेरच राहिल्या. चाचणीतून वगळलं म्हणून अपस्मार असलेल्या बाईची फिट थांबते का? गोळी तिला घ्यावीच लागते.

व्हॅल्प्रोएटचंच उदाहरण घ्या. १९६७ साली ते फ्रान्सच्या बाजारात आलं. फिट्सवर गुणकारी, पुढे उन्मादावरही, म्हणून इथे बसलेल्या मेंदूविकार आणि मानसोपचार या दोन्ही शाखांच्या हातात रुळलं. बाळाच्या कण्यातला दोष लक्षात आला १९८२ साली, लियाँच्या जन्मदोषांच्या नोंदींतून. मुलांचा बुद्ध्यांक घटतो हे ठळकपणे पुढे आलं २००९ साली. मोठा जन्मदोष शंभरात सुमारे दहा बाळांना, एरवी दोन-तीन. हे सगळं नोंदी ठेवणाऱ्यांनी आणि पाठपुरावा करणाऱ्यांनी शोधलं.

काल याच औषधावरून दोन सहकाऱ्यांत चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, रँडमाइज्ड ट्रायल नसेल तर तो पुरावाच नव्हे. दुसऱ्याने २००७ च्या ‘सनाड’ चाचणीचा दाखला दिला: जनरलाइज्ड फिट्सवर व्हॅल्प्रोएटच सरस, मग मुलींना का नाकारायचं? दोघांनाही माझी एक पेशंट दाखवतो.

ऊसतोडीच्या टोळीतली मुलगी. व्हॅल्प्रोएटवर फिट्स पूर्ण थांबल्या होत्या. लग्नात सासरी काही सांगितलेलं नव्हतं. अपस्मारामुळे लग्न रद्द ठरवण्याची हिंदू विवाह कायद्यातली तरतूद १९९९ साली गेली, सोयरिकीच्या बैठकीतून ती अजून गेलेली नाही. नाव कुणी वाचू नये म्हणून ती स्ट्रिपमधून गोळ्या काढून कागदात बांधायची आणि पुडी पदराच्या गाठीत ठेवायची. ही गोळी हवेतला ओलावा शोषते. माझ्या टेबलावर तिने पुडी सोडली, तर गोळ्यांचा कागदाला चिकटलेला लगदा झालेला. चौथा महिना चालू होता. एका दवाखान्यात ‘बाळाला घातक’ म्हणून औषध एकदम बंद करायला सांगितलं, मग फडात फिट आली, हातात कोयता होता. घाबरून तिने घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनानेच परत सुरू केल्या.

आता सांगा, ही कुठल्या ट्रायलमध्ये बसते? गर्भाच्या मज्जारज्जूची नळी सुमारे चार आठवड्यांत मिटते, तोवर दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं. औषध बदलायचं ते लग्न ठरण्याआधी, आणि तो सल्ला देताना आपल्या मुलींची माहिती हाताशी हवी. गर्भवतींना व्हॅल्प्रोएटसाठी चिठ्ठ्या टाकून कुणी निवडणार नाही, निवडूही नये. इथे नोंद हाच पुरावा.

केरळने हे केलं. १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मार असलेल्या स्त्रियांच्या गरोदरपणाची नोंद होते, मुलांकडेही पुढे लक्ष ठेवलं जातं. आपल्याकडे पैसा नाही, माणसं नाहीत, असं मला कायम ऐकवलं जातं. गावोगावी आशाताई गरोदर बाई नोंदवतातच ना? त्याच नोंदीत फिट्स आणि चालू गोळी एवढे दोन रकाने वाढवता येतील.

मी बसतो त्या एथिक्स कमिटीत ती वगळण्याची ओळ आली की कारण लेखी मागतो. कंपन्यांचे प्रतिनिधी चिडतात. चिडू देत.

तेव्हा पुढच्या अधिवेशनापर्यंत निदान एका जिल्ह्यात नोंद सुरू व्हावी. फॉर्म कसा, खर्च कुठून, हे कार्यकारिणीने ठरवावं. मी हवा तितका वेळ देईन. मानसोपचारतज्ज्ञांना मात्र आजच आग्रहाने सांगतो: उन्मादासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तुमच्या तरुण पेशंट पहिल्या दिवसापासून या नोंदीत हव्यात.