आधी चाल, मग शब्द

२००६ च्या अखेरीस, ऐन थंडीत, जस्टिन व्हर्नन हा गायक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकटाच जाऊन राहिला. बँड फुटलेला, तब्येत खालावलेली. तिथेच ‘बोन इव्हेर’ या नावाने त्याने केलेला ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा अल्बम आकाराला आला. गंमत अशी, की तो आधी नुसती चाल गुणगुणायचा, निरर्थक अक्षरांत. मग त्या गुणगुणण्याचं ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकायचा आणि कानाला जो शब्द भासेल तो लिहून घ्यायचा! अशा गाण्याचा ओळीओळीने अन्वय लावायला बसलं, तर हाती फारसं लागत नाही. आलापाचा अर्थ आपण तरी कुठे विचारतो? तेव्हा एमा कोण, याची फार चौकशी नको. व्हर्ननच्या उंच, पातळ आवाजाचे थरावर थर कसे चढतात, तिकडे कान द्या.