खाऱ्या पाण्यातील शेती
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ वडीलधारी मंडळी रामेश्वरास जाऊन आली आहेत. पांबनचा पूल लागण्यापूर्वी मंडपम हे गाव लागते. देवदर्शनाच्या ओढीने आपण तेथे उतरत नाही. मी उतरलो, आणि दोन दिवस राहिलो.

तेथे समुद्रात शेती चालते. पीक म्हणजे कॅपाफायकस हे तांबडे शेवाळ. नाव तांबडे, पण पाहावे तर हिरवट किंवा तपकिरीच! मूळचे हे फिलिपाईन्सकडचे. आपल्या देशात ते रुजविण्याचे श्रेय मात्र आपल्या शेजारच्या भावनगर येथील मीठ व समुद्री रसायनांच्या संशोधनसंस्थेकडे जाते, हे बडोदेकरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शेतीची रीत साधी आहे. दहा फूट लांबरुंद बांबूच्या तराफ्यावर वीसेक दोऱ्या आडव्या ताणतात. दोरीला मूठभर शेवाळाची जुडी, वीतभर अंतर सोडून पुन्हा जुडी. माशांनी कुरतडू नये म्हणून खाली जाळे लावतात. नांगर नाही, खत नाही. साठ किलो बियाणे बांधले, तर साधारण पंचेचाळीस दिवसांत दोनशे किलोंवर पीक निघते. वाळून मात्र त्याचा दहावा हिस्साच उरतो. त्यातून निघणारा कॅराजीनन आइस्क्रीम घट्ट करतो आणि दंतमंजनाच्या ट्यूबेतही असतो.

हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. पूर्वी त्या बेटांभोवती बुड्या मारून रानटी शेवाळ गोळा करीत. १९८६ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्या वाटेवर निर्बंध आले. मग २००० नंतर तराफ्यांनी त्यांना हाताला काम दिले.

आता कडू बाजूही सांगितली पाहिजे. २००८ साली क्रुसडाई बेटापाशी हेच शेवाळ जिवंत प्रवाळावर पसरल्याचे अभ्यासकांनी नोंदविले. प्रवाळ झाकले गेले की मरते, आणि त्याच्या आसऱ्याने राहणारी मासळी जाते. म्हणजे एकीच्या चुलीसाठी दुसरीची चूल विझायची. तराफे प्रवाळापासून दूर ठेवावेत, तुटलेले तुकडे वेचून काढावेत, असे माझे मत आहे. पुढे २०१३ नंतर पाणी तापून पीकच मोठ्या प्रमाणावर मेले. एकाच रोपाच्या फांद्या वर्षानुवर्षे लावीत गेल्यावर सगळे एकदम आजारी पडावे, यात नवल ते काय?

एका बाईंना मी विचारले, "पुन्हा लावणार का?" त्या वाळूवरचे शेवाळ उलटवीत होत्या. आभाळाकडे पाहून म्हणाल्या, "आधी हे भिजू नये, ते बघते." मीही पिशवी खाली ठेवली आणि एक टोक धरले.