चार्जरचा अर्धा-पाऊण व्होल्ट

मी सिग्नल्समधून निवृत्त झालो, आता इंदूरला राहतो. आजचा विषय लहान आहे: बॅटरी चार्जरचा व्होल्टेज थोडा खाली कसा आणायचा. लहान म्हणतोय खरा, पण यातच मी एकदा तोंडावर आपटलोय. तेही सांगणार आहे.

आईच्या खोलीत दिवा, छोटा डीसी पंखा आणि हाक मारायची बेल चालावी म्हणून १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी ठेवली. चार्जर बाजारातला साधा. मीटर लावला तर १४.२५ व्होल्ट. हा आकडा चुकीचा नाही. वापरून रिकामी झालेली बॅटरी भरायची आणि काढून ठेवायची, तर तेवढा हवाच. पण माझा चार्जर २४ तास जोडलेला. अशा बॅटरीला सेलमागे २.२५ ते २.३०, म्हणजे सहा सेलना १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरतात, तेही २५ अंश तापमानाला. खोली ४० वर गेली की आणखी पाव व्होल्ट तरी कमी लागतो.

युनिटमध्ये उघड्या सेलच्या बॅटऱ्या असत. जास्त चार्ज झाली तर पाणी उडायचं, जवान हायड्रोमीटर बुडवून बघायचा, डिस्टिल्ड वॉटर घालायचा, काम संपलं. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. माझी पहिली बॅटरी चौदा महिन्यांत गेली.

कुणीही सांगेल, मध्ये एक डायोड टाका, ०.७ व्होल्ट पडतील. पडतात, पण करंट वाहत असताना. बॅटरी भरत आली, करंट उतरला, की डायोडवरची घट कमी होते आणि नेमकं नको तेव्हा बॅटरीला जास्त मिळायला लागतं. शिवाय ३ अँपिअरला तो दोन वॅटची शेगडी होतो. मला हा उपाय कधीच पटला नाही.

खरी जागा चार्जरच्या आत आहे. अशा बहुतेक चार्जरमध्ये ऑप्टोकपलरजवळ तीन पायांचा एक भाग असतो, टीएल ४३१. आउटपुटच्या प्लसपासून मायनसपर्यंत दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि त्यांच्या मधल्या सांध्यावर या भागाचा एक पाय असतो. त्या पायावर २.५ व्होल्ट राहतील इतकाच आउटपुट तो ठेवतो. माझ्याकडे वरचा रेझिस्टर ४७ के, खालचा १० के. गणित करा: ४७ भागिले १०, त्यात १ मिळवा, २.५ ने गुणा. आले १४.२५.

आता माझी चूक. मला हवा तो आकडा फिरवून लावता यावा म्हणून वरचा ४७ के काढला आणि तिथे ३९ के व त्याच्यापुढे १० केचा प्रीसेट बसवला. मीटरवर बरोबर १३.६ आणले, झाकण लावलं, स्वतःची पाठ थोपटली. तीन महिन्यांनी रात्री दोनला आईने बेल वाजवली. म्हणाली, "अरे, काहीतरी सडल्यासारखा वास येतोय, डोळे चुरचुरतायत." बॅटरी फुगली होती, हात लावता येत नव्हता. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आईला बाहेरच्या खोलीत आणलं. मगच बॅटरीकडे वळलो.

प्रीसेटचा फिरता संपर्क धुळीने सुटला होता. पुढच्या चौकीची टेलिफोन लाइन तुटली की मागच्याला वाटतं रसद पोचलीच नाही, आणि तो पाठवतच राहतो. तसंच झालं. त्या पायाला शून्य दिसलं आणि चार्जर व्होल्टेज चढवत गेला. बॅटरी अंथरुणापासून चार हातांवर होती. चार्जर करणाऱ्याचा यात काहीच दोष नव्हता.

म्हणून आता वरचा ४७ के मी जागेवरून हलवत नाही. त्याच्या दोन टोकांवर ८२० केचा साधा रेझिस्टर समांतर जोडतो: करडा, लाल, पिवळा. दोन्ही मिळून ४४.४५ के होतात, आउटपुट १३.६. उद्या माझं सोल्डर सुटलं तर चार्जर परत १४.२५ वर जाईल, त्यापुढे नाही. तुमच्या चार्जरमधले रेझिस्टर वेगळे असतील, तेव्हा गणित स्वतः करा. आणि जोड वरच्यालाच द्या. खालच्याला दिलात तर व्होल्टेज चढेल.

उघडण्याआधी प्लग काढा आणि थांबा. आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे जाणत्या माणसाकडून करून घ्या, यात कमीपणा नाही. जोडल्यावर लगेच बॅटरी लावू नका. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून तासभर चालवा, मग मोजा. मीटरमधला सेल नवा घाला. सेल उतरला की बरेच मीटर जास्त आकडा दाखवतात, आणि इथे आपलं भांडण दशांशासाठी आहे.

या वाटेने १४ चे ९ करायला जाऊ नका. आतल्या कंट्रोल आयसीला मिळणारा व्होल्टेजही सोबत उतरतो आणि चार्जर चालू-बंद करत बसतो. लिथियम बॅटरीच्या चार्जरला तर हातच लावू नका.

एक तोटाही आहे. १३.६ वर रिकामी बॅटरी भरायला खूप वेळ लागतो. माझ्याकडे वीज क्वचित आणि थोडा वेळ जाते, म्हणून चालतं. तुमच्याकडे रोज चार-चार तास जात असेल, तर १४.२५ तसाच राहू द्या आणि बॅटरी भरली की चार्जर काढून ठेवा.