घर घेण्यापूर्वीं घराची परीक्षा

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घराचा धनी पायाच्या चरापासून आढ्यापर्यंत प्रत्येक काम डोळ्यांदेखत करवून घेत असे. वीट कसली आणि वासा कोणत्या लाकडाचा, हें त्याला ठाऊक असे. आज शहरांतील बहुतेक कुटुंबें घर बांधीत नाहींत. तयार घर विकत घेतात. त्यांना दिसतो तो भिंतीवरचा रंग. रंगाखालीं काय आहे, हें कोणी पाहावयाचें?

समजा, एका गृहस्थानें सेवानिवृत्तीच्या वेळीं हातीं आलेला सर्व पैसा घालून वैशाखांत जुन्या इमारतींत सदनिका घेतली. कागदपत्रें वकिलाकडून तपासून घेतलीं. घर मात्र स्वतःच अर्ध्या तासांत पाहिलें. आषाढ लागतांच रंगाचे पापुद्रे सुटले, न्हाणीघरालगतची भिंत ओलावली आणि छताचा गिलावा गळून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. आतां पैसा गेला आणि घरहि निश्चिंतपणें राहण्याजोगें उरलें नाहीं. असा प्रसंग टाळण्यासाठींच इंग्लंड-अमेरिकेंत सौदा पुरा होण्यापूर्वीं तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेण्याचा प्रघात आहे.

आपला कायदाहि खरेदीदारानें डोळे उघडे ठेवावे, असेंच सुचवितो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण खरेदीदारास साधारण दक्षतेनें कळून न येणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानें सांगितला पाहिजे. जो दोष दक्षतेनें कळला असता, त्याचा भार अर्थात् खरेदीदारावर. नव्या इमारतींना २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचें संरक्षण आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामांतील दोष नजरेस आणून दिल्यास विकासकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. फार जुन्या घरास हा आधार नाहीं.

तज्ज्ञ परीक्षक प्रथम भेगा पाहतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु दाराखिडकीच्या कोपऱ्यांतून तिरकी निघालेली रुंद भेग पाया खचल्याची सूचना असूं शकते. खांबावर वा तुळईवर सळईच्या दिशेनें गेलेली भेग विशेष चिंतेची. चांगलें काँक्रीट क्षारधर्मी असल्यानें लोखंडाला गंजूं देत नाहीं. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षें आंत मुरून तो गुण नाहींसा करतो. मग ओल पोंचतांच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर पडतो. वरून गिलावा थापल्यानें हा रोग झांकला जातो, बरा होत नाहीं.

याखेरीज परीक्षक हातोडीनें फरशी ठोकून पोकळ आवाज ऐकतो, भिंतीची ओल यंत्रानें मोजतो, न्हाणींतील पाण्याचा उतार, गच्चीचा गिलावा आणि विजेचें अर्थिंग तपासतो. जरूर पडल्यास ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगानें जातात, हें मोजून आंतील पोकळीचा अंदाज घेतो. तरीहि बंद भिंतीआड सर्वच दिसत नाहीं. त्याचा अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

सदनिका घेतांना एकट्या खोल्या पाहून भागत नाहीं. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनीं आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनीं व्हावयास हवी. तो अहवाल संस्थेकडून मागून वाचावा. परीक्षकहि दलालानें सुचविलेला नसावा. सौदा जुळण्यावर ज्याची मिळकत अवलंबून, त्याच्या ओळखीच्या माणसाकडून निःपक्षपाती मत मिळणें कठीण.

विक्रेत्यानेंहि या परीक्षेस भिऊं नये. आधींच तपासणी करून दुरुस्ती केली, वा दोष सांगून त्याप्रमाणें किंमत ठरविली, तर पुढें कोर्टकचेरीचा प्रसंग येत नाहीं.

लग्न जुळवितांना दहा ठिकाणीं चौकशी करणारीं माणसें घराच्या बाबतींत एका रंगाच्या हातावर भुलतात. श्रोत्यांपैकीं जे घर पाहत असतील, त्यांनीं विसार देण्यापूर्वीं जाणत्या माणसाला एकवार घर दाखवावें. आणि जमल्यास तें घर भर पावसांत पाहावें.